तियानजिनचे बिनमांसाचे जियाओझ: नववर्षाच्या रात्रीचं स्वयंपाकघर

चिनी नववर्षाचे जे फोटो भारतात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, त्यांत लाल कंदील, ड्रॅगन आणि टेबलावरचा अख्खा मासा हमखास असतो. त्यामुळे शाकाहारी माणसानं सणाच्या दिवशी तिकडे कुणाच्या घरी जायची सोयच नाही, अशी समजूत होते. निदान एका शहराच्या बाबतीत ती चुकीची आहे. बीजिंगहून जलद रेल्वेनं अर्ध्या तासात येणाऱ्या तियानजिनमध्ये वर्ष बदलताना, म्हणजे मध्यरात्रीच्या आसपास किंवा पहिल्या दिवशी सकाळी, जे जियाओझ, म्हणजे सारण भरलेले मैद्याचे डम्पलिंग, खातात त्यांत मांस, मासा, अंडं यांतलं काहीच नसतं. नवं वर्ष शांत, बिनकटकटीचं जावं म्हणून सुरुवात अशा साध्या खाण्यानं करायची, ही तिथली रीत. मांसाचे जियाओझ त्याआधीच्या किंवा नंतरच्या जेवणात होतात, तेव्हा त्यांची उणीव कुणाला भासत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो, जियाओझ हा उत्तर चीनचा पदार्थ आहे. दक्षिणेत त्या रात्री तांदळाच्या चिकट पिठाचा केक किंवा गोड गोळे करतात, आणि ग्वांगदोंगमधल्या घरात तर जियाओझ नसलेत तरी कुणी विचारणार नाही. मोमो किंवा डम्पलिंग म्हणून आपण जे ओळखतो त्याच घराण्यातला हा पदार्थ, पण त्या रात्री हा उकळत्या पाण्यात शिजवतात, वाफेवर नाही. सगळी मेख तिथेच आहे.

तारखेचा गोंधळ आपल्या लोकांना फारसा होऊ नये. त्यांच्याकडे ज्या दिवशी अमावास्येची चंद्र-सूर्य युती होते तोच महिन्याचा पहिला दिवस धरतात. २०२५ मध्ये २९ जानेवारीला इकडे मौनी अमावास्या होती आणि तिकडे पाडवा. २०२६ मध्ये १७ फेब्रुवारी, २०२७ मध्ये ६ फेब्रुवारी. अधिक महिनाही त्यांच्याकडे आहे. २०२५ मध्ये त्यांचा सहावा महिना दोनदा आला.

तयारी तीन आठवडे आधी सुरू होते, तीही लसणापासून. बाराव्या महिन्याच्या आठव्या दिवशी, ज्याला लाबा म्हणतात, सात-आठ प्रकारची धान्यं, डाळी आणि सुका मेवा घालून खीर शिजवतात आणि त्याच दिवशी लसूण व्हिनेगरमध्ये घालतात. पाव किलो सोललेल्या पाकळ्या घ्यायच्या, मुळाकडचं टोक जरासं कापायचं, धुऊन अगदी कोरड्या करायच्या, काचेच्या बरणीत भरून वर तांदळाचं व्हिनेगर पाकळ्या बुडेपर्यंत ओतायचं आणि दोन चमचे साखर टाकायची. बरणी थंड जागी ठेवायची. तीन-चार दिवसांत पाकळ्यांवर हिरवट झाक येते आणि आठ-दहा दिवसांत त्या पाचूसारख्या हिरव्या होतात. बिघडल्या असं समजून फेकू नका, हाच रंग हवा असतो. लसूण थंडीत काही काळ राहिला आणि मग आम्लात पडला, की त्यातले गंधकाचे पदार्थ एकमेकांशी जुळून हा रंग धरतात. म्हणून ताजा काढलेला लसूण हिरवा होत नाही, पांढराच राहतो. आपल्याकडे करायचा तर गड्डे आधी दोन आठवडे फ्रिजमध्ये ठेवा. किराणा दुकानातल्या सिंथेटिक व्हिनेगरनं रंग येईल, चव येणार नाही. बरणीतलं व्हिनेगर टाकायचं नाही. जियाओझ त्यातच बुडवून खातात. तियानजिनजवळच्या दुलिऊ गावचं काळपट जुनं व्हिनेगर या शहराचा अभिमान आहे, पण लसणासाठी ते वापरलं तर हिरवा रंग दिसतच नाही.

आता सारण. चार मोठ्या माणसांना सत्तरेक जियाओझ लागतात, त्या हिशेबानं साधारण एक किलो. मुगाचे लांब कोंब ४०० ग्रॅम, घट्ट दाबलेलं टोफू २०० ग्रॅम, रताळ्याच्या स्टार्चच्या जाड शेवया ६० ग्रॅम, सुकी काळी कानबुरशी (कानाच्या आकाराचं मशरूम) १० ग्रॅम, सुक्या लिलीच्या कळ्या १५ ग्रॅम, कोथिंबीर १०० ग्रॅम आणि ग्वोझ १०० ग्रॅम. ग्वोझ म्हणजे मैद्याची तळलेली लांब कांडी, सकाळी रस्त्यावर सोया दुधाबरोबर मिळते ती. मसाल्याला भाजलेल्या तिळाची पेस्ट ३ मोठे चमचे, लाल आंबवलेल्या टोफूचे २ चौकोन आणि त्याच बाटलीतलं १ चमचा पाणी, भाजलेल्या तिळाचं तेल २ चमचे, किसलेलं आलं १ चमचा, अर्धा चमचा चिनी पंचमसाला (फाइव्ह स्पाइस).

या यादीतले मुगाचे कोंब म्हणजे आपले उसळीचे मोड आलेले मूग नव्हेत. ते बोटभर लांब, पांढरे आणि पाणीदार असतात. उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट टाकून लगेच गार पाण्यात काढायचे, मग जाडसर चिरून मुठीत घट्ट पिळायचे. ४०० ग्रॅमचे अडीचशे उरले पाहिजेत. इथे हात आखडला तर पुढे वाळवंटातही वाळणार नाही इतकं पाणी सुटतं. कानबुरशी तासाभरात भिजते. ती रात्रभर बाहेर भिजत ठेवायची नाही, उबदार हवेत त्यात विषारी जिवाणू वाढतात आणि त्यांचं विष शिजवूनही जात नाही. लिलीच्या कळ्यांचा कडक देठ काढून त्या दोन मिनिटं उकळून घ्याव्यात. शेवया कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून, शिजवून, हरभऱ्याएवढ्या कापायच्या. अर्धवट शिजलेल्या शेवया मैद्याचं आवरण आतून टोचतात.

सगळं चिरून झालं की आधी नुसतं तिळाचं तेल घालून हलवायचं. भाज्यांवर तेलाचा थर बसतो आणि नंतरचं मीठ त्यांतलं पाणी लवकर ओढू शकत नाही. मग तिळाची पेस्ट आणि आंबवलेलं टोफू एकत्र कालवून घालायचं. बिनमांसाच्या सारणाला धरून ठेवणारं हेच. ग्वोझ आणि कोथिंबीर अगदी शेवटी, भरायला बसताना. ग्वोझ सुटलेलं पाणी पितो, पण आधी घातला तर लगदा होतो. मीठ चाखूनच घाला, कारण आंबवलेलं टोफू भरपूर खारट असतं आणि बहुतेक वेळा वेगळं मीठ लागत नाही.

पुण्या-मुंबईत करायचं तर दोन अडचणी. आपलं घाण्याचं तिळाचं तेल कच्च्या तिळाचं असतं, त्याला तो खमंग वास नाही. पांढरे तीळ गडद सोनेरी होईपर्यंत भाजून, गार करून, थोड्या तेलात मिक्सरला लावले की पेस्ट आणि वास दोन्ही मिळतात. अरबी पद्धतीची ताहिनी त्या कामाची नाही, ती फार फिकी. ग्वोझच्या जागी मैद्याच्या कडक तळलेल्या पुऱ्यांचा चुरा चालतो. लाल आंबवलेल्या टोफूला मात्र खरा पर्याय नाही. परदेशात राहणाऱ्यांना ते कुठल्याही चिनी किराणा दुकानात बाटलीत मिळतं. भारतात सापडलं नाही तर सोया सॉस आणि थोडी साखर घालून वेळ मारून न्यावी.

पीठ सोपं आहे, फक्त घाई नको. ५०० ग्रॅम मैदा, २६० मिलिलिटर साधं गार पाणी, चिमूटभर मीठ. मुंबईच्या दमट हवेत पाणी १० मिलिलिटर कमी घ्या. गरम पाणी नको, त्यानं मळलेलं पीठ मऊ होतं आणि उकळताना फाटतं. ते वाफवायच्या किंवा तव्यावरच्या प्रकारांसाठी असतं. सुरुवातीला गोळा खडबडीत दिसेल. झाकून दहा मिनिटं ठेवा, पुन्हा मळा, आणि मग निदान अर्धा तास विसरा. तिथल्या बायका म्हणतात की गोळा, हात आणि भांडं तिन्ही स्वच्छ दिसले की मळणं झालं. ही खूण कुठल्याही मापापेक्षा खात्रीची. उत्तर चीनच्या शहरांत हिवाळाभर घरोघर मध्यवर्ती तापन (सेंट्रल हीटिंग) चालू असतं, त्यामुळे घरातली हवा इतकी कोरडी असते की उघड्या पिठावर पाच मिनिटांत साल धरते. म्हणून गोळ्यावर सतत ओलं फडकं.

पिठाची अंगठ्याएवढी जाड वळकटी करून दहा-अकरा ग्रॅमचे तुकडे कापायचे, तळव्यानं चपटे करायचे आणि लाटायचे. लाटणं लहान, वीतभर लांब, दोन्ही टोकांना सारख्या जाडीचं. उजव्या हातानं लाटणं कडेपासून मध्यापर्यंतच न्यायचं आणि मागे आणायचं. तेवढ्यात डावा हात पारी थोडी फिरवतो. मध्य जाड, कडा पातळ, व्यास सात-आठ सेंटिमीटर. पोळीसारखी सगळीकडून सारखी लाटली तर कडा दुमडल्यावर तिथे दुप्पट जाडी होते. मध्य शिजून फाटायला येतो तरी कडा कच्चीच. चांगला लाटणारा माणूस भरणाऱ्या दोघा-तिघांना पुरतो, आणि घरातली कामाची वाटणी त्यावरच ठरते. बहुतेक घरांत लाटणं एकाच माणसाकडे असतं आणि ते सहजी दुसऱ्याच्या हातात जात नाही. एकट्या माणसानं सत्तर नग करायला घेतले तर शेवटचा भरेपर्यंत पहिल्याचा तळ ओला झालेला असतो.

भरणं करंजीसारखंच, पण कडेला दूध-पाणी लावायचं नाही, ताजी पारी नुसत्या दाबानं चिकटते. सारण १४ ग्रॅमच्या आसपास. कडेला तेल लागलं की ती जागा उकळताना हमखास उघडते, म्हणून सारण चमच्यानं किंवा काडीनं मधोमध दाबायचं आणि बोटं कोरडी ठेवायची. आधी मध्य चिमटायचा, मग दोन्ही बाजू आतली हवा बाहेर काढत मिटायच्या. हवा राहिलेला जियाओझ पाण्यात फुगतो आणि फुटतो. तयार नग ठेवायला ज्वारीच्या ताटांचे वरचे बारीक तुकडे दोऱ्यानं शिवून केलेलं गोल तबक असतं. खालून हवा खेळते आणि तळ चिकटत नाही. ते नसेल तर ताटात मक्याचं पीठ भुरभुरवा. एका नगात शेंगदाणा किंवा खजूर लपवतात, ज्याला मिळेल त्याचं वर्ष चांगलं. पूर्वी नाणं घालत, दातांच्या काळजीनं ते मागे पडलं.

शिजवायला मोठं भांडं, निदान तीन लिटर पाणी आणि एका वेळी पंचवीसच नग. पाणी खळखळून उकळलं की सोडायचे आणि लगेच डावाच्या पाठीनं, तळाला घासून, एकाच दिशेनं ढकलायचे. पहिल्या अर्ध्या मिनिटात हे केलं नाही तर ते तळाला बसतात आणि सोडवताना फाटतात. पुन्हा उकळी आली की अर्धी वाटी गार पाणी. मांसाचे असतील तर झाकण ठेवून असं तीनदा करतात, कारण आतलं कच्चं सारण शिजायला वेळ हवा आणि जोराची उकळी आवरण फोडते. बिनमांसाच्या सारणाला हे लागत नाही, आतलं सगळं आधीच शिजलेलं आहे. झाकण काढून, गार पाणी एकदाच, आणि सगळे वर तरंगून फुगले की मिनिटभरात उतरवायचे. जास्त ठेवले तर शेवया आणि कोथिंबिरीचा गाळ होतो. फुटलाच एखादा, तर त्या रात्री ‘फुटला’ म्हणायचं नाही, एवढं पाहुण्यानंही पाळावं.

पाहुणे म्हणून जाणाऱ्या शाकाहाऱ्यांसाठी थोडं. नुसतं ‘मी शाकाहारी आहे’ सांगून भागत नाही. मांसाचे तुकडे काढलेला रस्साही अनेकांच्या लेखी चालण्यासारखा असतो. मांस, मासे, कोंबडीचं पाणी, डुकराची चरबी, ऑयस्टर सॉस, अशी नावं घेऊन आणि दोन दिवस आधी सांगा. घरात दोन्ही प्रकारचे जियाओझ असतील तर पाणी एकच असतं, तेव्हा बिनमांसाचे पहिल्या पाण्यात उकळायची विनंती करा, कुणी वाईट वाटून घेत नाही. सगळ्यात मोठ्या माणसानं काड्या उचलल्याशिवाय सुरुवात करायची नाही. भेट म्हणून फळं न्या, जोडीनं. घड्याळ आणि पेअर नको, आणि कुठलीच गोष्ट चार नगांत नको.

उरलेले कच्चे नग फ्रीझ करायचे असतील तर पीठ भुरभुरलेल्या ताटात एकमेकांना न लावता दोन तास ठेवा, दगडासारखे झाले की पिशवीत भरा. नंतर विरघळू न देता थेट उकळत्या पाण्यात टाका. उकडलेले उरले तर सकाळी तव्यावर थोड्या तेलात, तळ खरपूस होईपर्यंत. पहिल्या दिवशी सुरी हातात न घेण्याची रीत अजून बऱ्याच घरांत आहे, म्हणून चिरण्याचं काम आदल्या रात्रीच उरकलेलं असतं. दुसऱ्या दिवशी नूडल्स, तिसऱ्या दिवशी दोन पाऱ्यांमध्ये सारण भरून तव्यावर भाजलेले हझ. पाचव्या दिवशी परत जियाओझ, आणि त्या दिवशी सारण मुद्दाम शेजारी ऐकू जाईल इतक्या जोरात कापतात. चुगल्या करणारे, पाय ओढणारे जे कोणी असतील ते त्या सुरीखाली येतात अशी समजूत आहे. तियानजिनमध्ये त्या सकाळी जुन्या इमारतीच्या जिन्यातून वर गेलात तर मजल्यामजल्यावरून तो ठकठक आवाज येतो.