इनहिबिटर घातला, तरी किनेज चालूच

आजचा दिवस युरिया आणि डायलिसिसमध्ये (प्रोटीन पिशवीत ठेवून लहान रेणू बाहेर धुवून काढण्यात) गेला. पीकेए म्हणजे प्रोटीन किनेज ए, इतर प्रोटीनना फॉस्फेट जोडणारं एन्झाइम. त्याचं रेग्युलेटरी सबयुनिट, म्हणजे त्याला रोखणारा भाग, ई. कोलाय या जीवाणूत बनवलेलं. जेलवर बँड एकदम स्वच्छ, पण कॅटॅलिटिक सबयुनिटमध्ये (प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागात) मिसळलं तरी किनेज आपलं चालूच. प्रोटीन खराब नसतं बरं का! ई. कोलाय स्वतःच सायक्लिक एएमपी (किनेजवरचा हा लगाम सोडवणारा छोटा रेणू) तयार करतो आणि ते सबयुनिटच्या दोन्ही जागांवर इतकं घट्ट बसतं की साध्या डायलिसिसने हलत नाही.

म्हणून ८ मोलर युरियात प्रोटीन उलगडायचं, त्याच युरियात डायलिसिस करून सायक्लिक एएमपी धुवून काढायचं, मग युरिया हळूहळू उतरवायचा, थंडीत, डीटीटी (ऑक्सिडेशन रोखणारं रसायन) घालून. घाई केली की पिशवीत दुधासारखं गढूळ दिसतं. युरिया ताजाच हवा. जुन्या किंवा तापवलेल्या द्रावणात सायनेट होतं आणि लायसिनला जाऊन चिकटतं. सेंट्रिफ्यूज करून साका काढा, मगच प्रोटीन मोजा.

रेग्युलेटरी सबयुनिट टाइप १ असेल तर होलोएन्झाइम (दोन्ही सबयुनिट एकत्र) जुळवताना मॅग्नेशियम आणि एटीपी हवंच. टाइप २ ला त्याची गरज नाही. उलट एटीपी दिलं तर ते सबयुनिट स्वतःच फॉस्फोरिलेट होतं, म्हणजे त्याच्यावरच फॉस्फेट बसतो.

शेवटी केम्प्टाइड (किनेज ज्याला फॉस्फेट जोडतं तो छोटा पेप्टाइड) वापरून तपासताना १० मायक्रोमोलर सायक्लिक एएमपी घाला. किनेज परत जागं झालं नाही, तर आधी दिसलेलं ‘इनहिबिशन’ म्हणजे बहुधा मेलेलं एन्झाइम.