सोडलं की थांबतं

एका गिऱ्हाइकाच्या भाच्याचा फोन सुरतहून आला होता. उधन्याला कापडाच्या लाइनीत आहे, हातात पैसा आहे आणि हौस त्याहून जास्त. "दादा, सगळ्यात भारी मॉडेल सांगा. मावशीसाठी घ्यायचंय." पाठोपाठ मोबाइलवर फोटोही आला, चालायला त्रास असलेल्यांसाठीच्या बॅटरी स्कूटरचा. चार चाकं, पुढे बंपर, दोन आरसे, कारसारखी सीट आणि खाली ठळक अक्षरांत एका चार्जिंगमध्ये चाळीस किलोमीटर.

जळगावात आमचं सर्जिकल सामानाचं दुकान आहे. वॉकर, कमोड खुर्ची, कंबरेचे पट्टे, एअर बेड हा रोजचा धंदा. बॅटरीची स्कूटर क्वचित जाते. त्यामुळे असा फोन आला की गल्ल्यावरच्या माणसाने "पाठवतो" म्हणून मोकळं व्हावं. मी विचारलं, "मावशी राहतात कुठे?"

"अमळनेरला. जुन्या गावात."

"दाराला उंबरठा केवढा आहे? ओटा किती उंच?"

ते काही त्याला सांगता येईना. ही गाडी विकणारे बहुतेक जण वेग, किलोमीटर आणि सीटचं रेक्झिन सांगत बसतात. गाडी रस्त्यावर कशी पळते ते मी नंतर बघतो. रात्री ती ठेवणार कुठे आणि खाटेपासून गाडीपर्यंतची दहा पावलं माणूस कशी टाकणार, हे कळल्याशिवाय मी बिल फाडत नाही. म्हणून दोन गाड्या छोट्या हत्ती टेम्पोत चढवल्या. एक भाच्याच्या पसंतीची मोठी चारचाकी, दुसरी दुकानातली डेमोची तीनचाकी. पाळधी, धरणगाव करत अमळनेर गाठलं. वैशाख होता. बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांच्या यात्रेचे पाळणे उभे राहत होते आणि सकाळी दहालाच पत्रे तापले होते. भाचा रात्रीच्या गाडीने येऊन थांबला होता.

ताई, म्हणजे त्याची मावशी, साठीच्या. डाव्या पायाला लहानपणीच पोलिओ. घरात पायाला बांधायचा कॅलिपर आणि कुबडीवर फिरतात, बाहेर मात्र हाताने फिरवायची तीनचाकी सायकल. बाजाराच्या रस्त्यावर ब्लाऊज आणि पिको-फॉलचं दुकान आहे, लगीनसराईत मान वर करायला फुरसत नसते. त्या सायकलीचा दांडा फिरवून फिरवून उजवा खांदा गेला. डॉक्टरांनी सायकल बंद करायला सांगितली. त्यात भर म्हणजे आयुष्यभर चांगला म्हणवलेला उजवा पायही अलीकडे लवकर थकायला लागला होता.

यात नवल नाही. देशात जंगली, म्हणजे निसर्गातल्या विषाणूने होणाऱ्या, पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला, मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला आणि लोकांनी विषय मिटला असं धरलं. पण ज्यांना पन्नास-साठ वर्षांपूर्वी पोलिओ झाला, ती माणसं आता म्हातारी होताहेत. पोलिओत काही मज्जापेशी मरतात. उरलेल्या पेशी मेलेल्यांच्या वाटचं काम अंगावर घेतात, तीस-चाळीस वर्षं ओढतात आणि मग त्याही दमतात. डॉक्टर त्याला पोस्ट-पोलिओ म्हणतात. अशा माणसाला "जरा जास्त चाला, ताकद येईल" असं सांगणं म्हणजे उरलीसुरली ताकदही घालवणं. तो सल्ला शेजारच्या जिजींनी मला दारातच ऐकवला. "गाडीवर बठनी ते पाय जाई तिन्हा!"

"जिजी, घरात त्या चालणारच आहेत," मी म्हटलं. "पाय वाचवायचा तो दुकानात कात्री घेऊन उभं राहायला. रस्त्यावर कशाला खर्च करायचा?" जिजींना काही ते पटलं नाही. त्या पदर सावरून ओट्यावर बसल्या, पुढे काय होतं ते बघायला.

मी टेप काढेपर्यंत ताईंनी गळ्यातली शिवणाची टेप भाच्याकडे टाकली होती. तो मोजत गेला आणि ताई खडूने ओट्याच्या फरशीवर आकडे लिहीत गेल्या. गिऱ्हाइकाचं माप कापडावर उतरवतात तसे, आडव्या ओळीत, मध्ये बारीक रेघ: ओटा २१, उंबरठा ५, आतलं दार २६, गल्ली ६६. सगळं इंचांत. शेवटी खडू बाजूला ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आते तुन्ही गाडीनं माप सांग."

मोठी गाडी २५ इंच रुंद होती. म्हणजे दारातून नेताना दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच, तेही गाडी अगदी नाकासमोर नेली तर. पण दारापर्यंत ती पोहोचणार कशी? उताराचा साधा हिशेब असा की एक इंच उंचीला बारा इंच लांबी हवी. २१ इंचांच्या ओट्याला २१ फूट. गल्ली साडेपाच फुटांची. भाच्याने गवंडी बोलावून ठेवला होता. तो म्हणाला, चार फुटांत उतार काढून देतो. देईलही. पण या गाड्यांना साधारण सहा ते आठ अंशांचा चढ झेपतो, आणि त्याचा उतार चोवीस-पंचवीस अंशांचा झाला असता. चढताना गाडी माणसासकट मागे उलटली असती.

"हिचे तुकडे होतात ना?" भाचा हटायला तयार नव्हता. "सुटी करून आत घ्यायची."

होतात. सीट, बॅटरी, पुढचा भाग, मागचा भाग. मागचा भाग एकटाच वीस किलोच्या वर. ताईंनी त्याला एवढंच विचारलं, "तू सुरतमा. उचली कोन?"

चाळीस किलोमीटरचंही तसंच. कंपनीचा आकडा सपाट रस्ता, हलका माणूस आणि नवी बॅटरी धरून काढलेला असतो. मी गिऱ्हाइकाला सांगताना त्यातून तिसरा हिस्सा वजा करतो. आणि इथे घर ते दुकान जाऊन-येऊन दोन किलोमीटरसुद्धा होत नव्हतं. एवढ्या बॅटरीचं ओझं रोज वागवायचं कशासाठी?

तरी भाच्याचं समाधान व्हावं म्हणून चारचाकी आधी काढली. गल्ली पुढे काटकोनात वळते. तिथे गाडी अडली. पुढे घे, मागे घे, पुन्हा पुढे घे. या झटापटीत मागचं चाक गटारीवरच्या फुटक्या फरशीवर चढलं आणि फरशी कुरकुरली. भाचा म्हणाला, "पण चारचाकी उलटत नाही ना." खरं आहे. आपल्याकडचे गतिरोधक, खड्डे, रस्त्याच्या उतरत्या कडा बघता मी स्वतः बहुतेकांना चारचाकीच सुचवतो. तीनचाकी कमी जागेत वळते, पण जोरात वळवली की कलते. मात्र तीनचाकी ही जुनी फॅशन आहे, असंही तो म्हणाला, तेव्हा मला राहवलं नाही. ही सगळी जातकुळीच तीनचाकीपासून निघालेली. १९६८ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये अ‍ॅलन थीम नावाच्या प्लंबिंगवाल्याने आजारी बायकोला घरात आणि बाहेर फिरता यावं म्हणून पहिली गाडी जुळवली, ती तीन चाकांचीच. मोठ्या इंजिनिअरने नव्हे, पाइप जोडणाऱ्या माणसाने. मला ही गोष्ट फार आवडते आणि मी ती संधी मिळेल तिथे सांगतो.

ताईंना थीमचं काही कौतुक वाटलं नाही. त्या भाच्याला म्हणाल्या, "बापू, मन्ही जिंदगी तीन चाकवर गई. गटारवर चाक तिरकं टाकानं नही, सरळ टाकानं, हाई तू माले शिकाडशी का?"

मग तीनचाकी काढली. सीट बाजूला फिरवून लॉक केली, त्या कुबडी टेकून बसल्या, सीट पुढे फिरवली. बसणं-उतरणं हीच खरी परीक्षा, आणि त्यात त्या पहिल्याच खेपेत पास झाल्या. खांद्यासाठी हँडल अंगाकडे ओढून घेतलं, म्हणजे हात लांबवायला नको. हँडलखाली दोन पट्ट्या असतात. एक दाबली की गाडी पुढे, दुसरी दाबली की मागे. पुढे जायची पट्टी उजवीकडे होती, ती कंट्रोलरमधून डाव्या हाताला करून दिली. ब्रेकची वेगळी मूठ नाही. पट्टी सोडली की मोटर थांबते आणि विजेवरचा ब्रेक आपोआप लागतो. हे सगळं सांगून झालं. वेगाचं बटण कासवाच्या चित्रावर ठेवलं आणि निघालो. पहिल्या दिवशी दुकानात कामाला असलेला पोरगा सीटची पाठ धरून मागे चालतो, हा आमच्या दुकानाचा नियम.

वळण झकास घेतलं. तेवढ्यात समोरच्या बोळातून एक मुलगा सायकल हाणत आला. ताई दचकल्या. दचकलेला माणूस हातातलं घट्ट धरतो, आणि यांच्या हाताला तर सायकलचा ब्रेक आवळायची जन्माची सवय. पट्टी पूर्ण दाबली गेली. थांबायच्या ऐवजी गाडी पुढे सरकली, पुढचं चाक गटारीच्या कडेवरून खाली गेलं आणि मागचं डावं चाक जमिनीवरून उचललं. पोराने सगळा भार टाकून पाठ दाबून धरली. मी ओरडलो, "सोडा! ताई, सोडा!"

पट्टी सुटली आणि गाडी जागच्या जागी खिळली.

एकच गलका झाला. जिजी ओट्यावरून ओरडल्या, "मी सांगं व्हतं ना!" भाचा म्हणाला, नकोच ही भानगड, मी रिक्षा लावून देतो महिन्याची. आम्ही गाडी उचलून मागे घेतली. ताई उतरल्या नाहीत. पट्टी एकदा दाबून, एकदा सोडून बघत होत्या.

"सोडं की थांबस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मंग हाई मन्हा मशीननं पायडल शे."

अगदी तसंच होतं. काही वर्षांपूर्वी त्यांनी शिवणयंत्राला मोटर बसवून घेतली होती. पायडल दाबलं की सुई पळते, जास्त दाबलं की जास्त पळते. बोट सुईखाली जातंय असं वाटलं की पाय उचलायचा. घाबरून पायडल दाबणारा शिंपी दहा बोटांनिशी राहत नाही. इतकी वर्षं मी ही पट्टी मोटरसायकलच्या अ‍ॅक्सिलरेटरची उदाहरणं देऊन समजावत आलो. ज्या बायकांनी जन्मात मोटरसायकल चालवली नाही, त्यांनाही. ताईंना एका वाक्यात जे सापडलं, ते मी आता प्रत्येक शिवणकाम करणाऱ्या बाईला सांगतो.

मग कोपऱ्यावरच्या निंबाखाली सराव. त्या गाडी चालवायच्या आणि मी अचानक "सोडा" म्हणायचं. सुट्टीतली पोरं गोळा झाली आणि मला कामच उरलं नाही. तीच "सोड! सोड!" ओरडायला लागली. मघाचा सायकलवाला त्यात सगळ्यात पुढे. हळूहळू असं झालं की ओरडा कानावर पडायच्या आतच ताईंचा अंगठा उचललेला असायचा.

राहिला गाडी ठेवायचा प्रश्न. दोन घरं सोडून जिजींचा गोठा होता, रस्त्याच्या पातळीला, उंबरठा नाही, दार रुंद. मी त्याच्याकडे बघतोय हे जिजींनी पाहिलं. "म्हशी इकाई ग्यात. पडेल शे गोठा," त्या म्हणाल्या, जणू गाडीला विरोध करणारी बाई कोणी दुसरीच होती. विजेसाठी वेगळं सबमीटर बसवायचं आणि तीन पिनांच्या प्लगला नीट अर्थिंग करून घ्यायचं ठरलं.

गोठ्यावर पत्रा होता, म्हणून बॅटरीबद्दल मात्र मी बराच वेळ घेतला. या गाडीत बारा व्होल्टच्या दोन सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या येतात. पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांना तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो. पत्र्याखालचं तर विचारूच नका. म्हणून चार्जिंग रात्रीच लावायचं, उन्हातून आल्या आल्या नाही. गाडी वापरा नाहीतर वापरू नका, बॅटरी रिकामी ठेवायची नाही. माझ्याकडे "खराब" म्हणून येणाऱ्या बहुतेक बॅटऱ्या घरात रिकाम्या पडून मेलेल्या असतात. लिथियमची हलकी मिळते, पण महाग. जिथे बॅटरी उचलून न्यायची नाही, तिथे तो खर्च मला पटत नाही. आणि मागची न्यूट्रलची दांडी चढावर कधीच ओढायची नाही, कारण ती ओढली की ब्रेक सुटतो.

बोरीच्या वाळूत गाडी जाणार नाही, चाकं रुततील, हेही सांगून टाकलं. ताई म्हणाल्या, "रथ गावमधून जास. मी वाळूमा कसाले जाऊ?"

बिल भाच्याने भरलं, पण नाखुशीने. त्याच्या मनातल्या गाडीच्या जवळपास निम्म्या किमतीत काम झाल्याचं त्याला वाईट वाटत होतं. परतीच्या वाटेवर दुकानातला पोरगाही कुरकुरला, "शेठ, मोठी गेली असती." गेली असती, आणि पावसाळ्याच्या आत परतही आली असती.

पुढे ताईंचा फोन आला तो तक्रारीचा. दुपारी दुकानाबाहेर उभी असलेली गाडी, काळं रेक्झिन, बसलं की चटका. मी म्हटलं, टॉवेल टाका. त्या म्हणाल्या, ते मलाही कळतं, टॉवेल सरकतो. मग त्यांनीच मांजरपाटाचं कव्हर शिवलं, आत घोंगडीचा तुकडा, मागे बांधायला नाड्या आणि एका बाजूला कुबडी उभी अडकवायला जाड पट्टी. कुबडी ठेवायची सोय माझ्याकडच्या एकाही गाडीत धड नव्हती. मी फोटो पाहिला आणि इतर गिऱ्हाइकांसाठी कव्हरं शिवून मागितली. त्यांनी भाव सांगितला. मी सवयीने कमी करायला गेलो.

"तू गाडीना भाव कमी करा व्हता का?"

केला होता, थोडासा. त्यांना ते आठवत नव्हतं किंवा आठवायचं नव्हतं. कव्हरं आता अमळनेरहूनच येतात, त्यांच्याच भावाने.