आमची वाटचाल : दोन गेज आणि एक बिघडलेली बॅच

आमच्या उद्योगाचा आरंभ तीन फळ्यांचे एक फ्रीझ ड्रायर (माल गोठवून, निर्वातात त्यातल्या बर्फाची थेट वाफ करून सुकवणारे यंत्र), ती वाफ पुन्हा बर्फ म्हणून धरून ठेवणारा, उणे 55 अंशांपर्यंत उतरणारा कंडेन्सर आणि तेलावर चालणारा एक जुना व्हॅक्यूम पंप एवढ्यावर झाला. पहिले काम दिले ते जिवाणूंचे नमुने जतन करणाऱ्या एका संशोधक बाईंनी. पुढची काही वर्षे सुरळीत गेली.

मग एका स्पर्धकाने निम्म्या वेळात माल सुकवून देण्याचा शब्द दिला आणि आमचा सर्वांत मोठा ग्राहक तिकडे गेला. उरलेलेही जातील या भीतीने आम्ही एका एन्झाइमच्या बॅचमध्ये बर्फ पूर्ण उडून जाण्याआधीच फळ्यांचे तापमान वाढवले. एन्झाइमसोबतचे साखरेचे द्रावण गोठलेले असले तरी उणे 32 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडून ढासळू लागते, हे ठाऊक असूनही वाढवले. सकाळी दार उघडले तेव्हा सुकलेल्या मालाच्या शुभ्र, सच्छिद्र वडीऐवजी (तिला केक म्हणतात) प्रत्येक कुपीच्या तळाशी आक्रसलेला चिकट थर होता. भरपाई देताना कर्जाचे हप्ते थकले, चार महिने यंत्र बंद राहिले, आणि त्या काळात स्पर्धकाने आमची ही चूक प्रत्येक ग्राहकाच्या कानावर घातली, याचा सल आजही आहे. त्याच्या घाईत बिघडलेल्या मालाची वाच्यता मात्र कोणी केली नाही.

बाई तेवढ्या परत आल्या. त्यांनी आगाऊ रक्कम दिली आणि कक्षातला दाब मोजणाऱ्या पिरानी गेजच्या जोडीला कपॅसिटन्स गेज हा दुसऱ्या प्रकारचा दाबमापक बसवण्याची अट घातली. पिरानी गेज हवेसाठी जुळवलेला असल्याने कक्षात पाण्याची वाफ असताना तो खऱ्या दाबाच्या सुमारे 1.6 पट आकडा दाखवतो, तर दुसऱ्या गेजला वायू कोणता याने फरक पडत नाही. त्यामुळे बर्फ संपला की पिरानीचा आकडा उतरून दुसऱ्याला येऊन मिळतो. त्याआधी आम्ही फळ्यांना हात लावत नाही, मग ग्राहक कितीही घाई करो.

नव्याने यंत्र घेणाऱ्यांनी कडेच्या कुपीवरून अंदाज बांधू नये. भिंतीच्या उष्णतेने ती आधी सुकते, म्हणून तापमानाची तार मधल्या कुपीतही सोडावी. पंपाचे तेल पाणी मिसळून दुधाळ होण्याची वाट पाहू नये. गॅस बॅलास्ट (पंपात थोडी हवा सोडून वाफ बाहेर काढणारी झडप) उघडून पंप थोडा वेळ चालवावा आणि तेल वेळेवर बदलावे. बाईंचे नमुने अजूनही आमच्याकडेच सुकतात.