सरकारी होती म्हणून बुडाली? एअर इंडियाबद्दल थोडं मनापासून

एअर इंडियाचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं, "सरकारी होती म्हणून बुडाली, आता टाटांकडं परत गेलीय, सुधारेल." आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पण परवा हेच आलं आणि त्याखाली सगळ्यांनी अंगठे दाखवले. मला ते वाक्य पटत नाही. तिथं टाईप करत बसलो असतो तर भांडण झालं असतं, म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

सुरुवात जरा मागून करतो, कारण हा इतिहास आपल्या सांगली-माणदेश भागाच्या डोक्यावरून गेलेला आहे आणि तो पण अगदी शब्दशः. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटांनी विलायतेहून कराचीला आलेलं टपाल घेऊन पस मॉथ नावाचं एका इंजिनाचं छोटंसं विमान अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला आणलं, ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले होते हे पण वाचलेलं असतं. पण टपाल जुहूला थांबलं नाही. तिथून नेव्हिल व्हिंटसेंट नावाचा माणूस, जो आधी ब्रिटिश हवाई दलात होता आणि ज्याच्या डोक्यातून ही सगळी कल्पना निघाली होती, तो ते घेऊन बेल्लारीला गेला, रात्री तिथं मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी मद्रासला पोचला. या व्हिंटसेंटचं नाव आपल्याकडं फारसं कुणी घेत नाही, दुसऱ्या महायुद्धात १९४२ ला त्याचं विमान पडलं आणि तो गेला, नाहीतर पुढच्या इतिहासात त्याचं नाव जेआरडींच्या बरोबरीनं आलं असतं असं मला वाटतं.

तर पावसाळ्यात काय व्हायचं, की जुहूचं मैदान म्हणजे समुद्राकाठचा चिखल, तिथं विमान उतरवणं शक्यच नव्हतं. मग चार महिने सगळं बिऱ्हाड पुण्याला येरवड्याच्या बाजूला हलवायचे. आता नकाशा घ्या आणि पुणे ते बेल्लारी सरळ पट्टी ठेवा. मी ठेवून बघितली. रेघ फलटणवरून जाते, मग म्हसवड, मग आटपाडी, मग जत. म्हणजे आमचा अख्खा माणदेश. पायलट थोडा इकडंतिकडं वळत असणार, रेडिओ नाही, खाली बघून नदी, रेल्वेलाईन, डोंगर ओळखत जायचं, पण मार्ग साधारण हाच. आमचं मूळ गाव आटपाडी तालुक्यात आहे, मी सांगलीत राहतो, आणि हे कळल्यापासून मला सारखं वाटतं की त्या काळात मेंढरं घेऊन रानात बसलेल्या एखाद्या धनगराच्या पोरानं वर ते घरघरणारं यंत्र बघितलं असेल, आणि त्यात विलायतेहून आलेली पत्रं आहेत हे त्याला कुणी सांगितलं पण नसेल.

आणि ती सर्व्हिस कसली होती ते बघा. सरकारनं अनुदान दिलं नव्हतं, टाटांनी साधारण दोन लाख रुपये घातले होते, विमानं दोन, माणसं बोटावर मोजण्याइतकी. पहिल्या वर्षात १५५ प्रवासी आणि जवळपास १० टन टपाल, नफा ६० हजार रुपये. पण मला सगळ्यात भारी वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. नागरी विमान खात्याच्या १९३३-३४ च्या अहवालात या टपाल सेवेचं खास कौतुक आहे, की वर्षभरात एकदाही वेळ चुकली नाही, शंभर टक्के वक्तशीर, आणि त्यात पश्चिम घाटावरच्या पावसाचा वेगळा उल्लेख आहे, की एवढ्या धोक्यात पण मद्रासच्या किंवा मुंबईच्या टपालाचं कराचीतलं पुढचं विमान कधी चुकलं नाही. ज्यानं जुलैमध्ये कास किंवा महाबळेश्वरला धुकं बघितलंय, समोरचा माणूस दिसत नाही असलं, त्याला कळेल हे किती अवघड होतं. त्या ढगातून एका इंजिनाचं विमान, पायलटच्या मागं टपालाची पोती, आणि तरी वेळेवर.

पुढचं थोडक्यात सांगतो कारण ते सगळीकडं मिळतं. १९४६ ला कंपनी पब्लिक लिमिटेड झाली आणि एअर इंडिया हे नाव आलं, कंपनीची ओळख झालेलं महाराजाचं चित्र पण त्याच साली आलं, कंपनीतले बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांच्या डोक्यातून. १९४८ ला सरकारबरोबर भागीदारीत एअर इंडिया इंटरनॅशनल निघाली, सरकारचे ४९ टक्के, आणि ८ जूनला 'मलबार प्रिन्सेस' नावाचं कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं. स्वातंत्र्य मिळून वर्ष पण झालं नव्हतं हे लक्षात घ्या.

मग १९५३. १ ऑगस्टला सगळ्या विमान कंपन्या सरकारनं ताब्यात घेतल्या. देशांतर्गत आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स, आणि परदेशी उड्डाणांसाठी एअर इंडिया इंटरनॅशनल वेगळी. जेआरडींचा राष्ट्रीयीकरणाला विरोध होता, त्यांना ते मनापासून लागलं होतं, पण परदेशी सेवा वेगळी ठेवा हा आग्रह त्यांनी धरला आणि चेअरमनपद घेतलं, पगार न घेता, ते थेट १९७८ पर्यंत. पंचवीस वर्षं.

इथंच माझा मुद्दा आहे. ही पंचवीस वर्षं कंपनी पूर्ण सरकारी होती. आणि याच काळात तिनं काय काय केलं, तर १९६० ला बोईंग ७०७ आणलं, आशियात जेट विमान आणणारी पहिली कंपनी, त्याच वर्षी न्यूयॉर्कला जायला लागली, १९६२ ला ताफ्यातली सगळीच विमानं जेट असणारी जगातली पहिली कंपनी झाली, १९७१ ला जंबो जेट आलं. चित्रकारांची चित्रं विकत घेतली, हुसेन, गायतोंडे, रझा यांची, तेव्हा ही माणसं आजच्याएवढी मोठी नव्हती. साल्वादोर दालीनं त्यांच्यासाठी ॲशट्रे केला आणि मानधन म्हणून हत्ती मागितला, आणि यांनी खरंच बंगळूरचं हत्तीचं पिल्लू स्पेनला पाठवलं. हे सगळं सरकारी कंपनीनं केलं. वाईट दिवस पण आले, राष्ट्रीयीकरणाच्या आधी १९५० ला आणि परत या काळात १९६६ ला एअर इंडियाचं विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँ डोंगरावर आपटलं, दुसऱ्या वेळी त्यात होमी भाभा होते. पण लोकांचा विश्वास गेला नाही.

मग फरक कशानं पडत होता? माझं म्हणणं असं की लक्ष कुणाचं होतं यानं. जेआरडी स्वतः विमानात बसले की पडदे कसे आहेत, ग्लास कसला ठेवलाय, टॉयलेट स्वच्छ आहे का, काउंटरवर धूळ आहे का हे बघायचे आणि उतरल्यावर सगळं लिहून पाठवायचे, आणि धूळ दिसली तर स्वतः फडकं मारायचे अशा आठवणी त्यांच्याबरोबर काम केलेल्यांनी सांगितल्यात. टाटासारखं घराणं चालवणारा माणूस हे करत होता. दुसरी गोष्ट म्हणजे त्या काळात बरेचसे निर्णय कंपनीतच होत होते, वरून ढवळाढवळ कमी होती. मालक सरकार, पण कारभार जाणत्या माणसाच्या हातात. घरात म्हातारीचं लक्ष असलं की दूध उतू जात नाही, चूल कुणाच्या नावावर आहे याचा तिथं संबंध नसतो.

१ जानेवारी १९७८ ला 'एम्परर अशोक' हे पहिलं जंबो मुंबईहून उडून बांद्र्याजवळ समुद्रात पडलं, २१३ माणसं गेली. आणि फेब्रुवारीत मोरारजी देसाई सरकारनं जेआरडींना चेअरमनपदावरून काढलं. त्यांना ते सरकारकडून सरळ कळलं पण नाही, ज्यांना नेमलं त्या पी. सी. लाल यांच्याकडून कळलं. हे वाचताना मला आजही वाईट वाटतं. माणूस बदलायचा अधिकार सरकारला होता, त्यात वाद नाही, पण ज्यानं पदरचं घालून ही संस्था उभी केली आणि फुकट सांभाळली त्याला एक फोन करता आला असता.

त्यानंतर लगेच सगळं बुडालं असं पण नाही बरं का. १९८५ वाईट गेलं, कनिष्क विमानात बॉम्ब फुटला आणि ३२९ जण गेले, ती जखम मोठी आहे. पण त्याच वर्षी तिकडं इंडियन एअरलाइन्समध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुखांनी कलकत्त्याहून सिलचरला सगळ्या बायकांच्या क्रूचं विमान नेलं. आणि १९९० ला तर या सरकारी कंपनीनं जे केलं ते आमच्या घराला कधीच विसरता येणार नाही.

आमचे मामा तेव्हा कुवेतला होते, एका गॅरेजात मेकॅनिक. २ ऑगस्टला इराकची फौज शिरली आणि एका रात्रीत सगळं संपलं, बँका बंद, हातातल्या दिनारला किंमत नाही, घरी फोन लागत नाही. इकडं मामी आणि आजी रोज रेडिओला कान लावून. मामांनी नंतर सांगितलेलं असं, की बसमधून इराक ओलांडून जॉर्डनच्या हद्दीवर आले, तिथं वाळवंटात तंबू, पाण्याला रांग, अंगावरच्या कपड्यावर किती दिवस काढले ते त्यांनाच माहीत. मग अम्मानच्या विमानतळावर एअर इंडियाचं विमान दिसलं. मामा एरवी फार बोलणारा माणूस नाही पण हे सांगताना प्रत्येक वेळी थांबतात. पैसे नव्हते, कुणी मागितले पण नाहीत, नुसतं चढा म्हणाले. मुंबईला सहारला उतरले, तिथून कुणीतरी एसटीच्या स्टँडवर सोडलं आणि रात्रभर प्रवास करून सकाळी दारात उभे. आजीनं ओळखलंच नाही म्हणे आधी, दाढी वाढलेली.

ऑगस्टच्या मध्यापासून जवळपास दोन महिने हे चाललं, ४८८ फेऱ्या, एक लाखाहून जास्त माणसं. एवढ्या लोकांना नागरी विमानांनी सोडवून आणल्याची गिनीज बुकात नोंद आहे. हे पण सरकारी कंपनीनंच केलं, आणि खरं सांगायचं तर नफा बघणाऱ्या खाजगी कंपनीला हे जमलं असतं का याची मला शंका आहे.

खरी घसरण माझ्या मते २००५ नंतरची. दोन्ही कंपन्यांनी मिळून शंभराच्या वर विमानांची ऑर्डर दिली, बहुतेक कर्ज काढून, आणि २००७ ला एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र केल्या. १९५३ ला ज्या वेगळ्या ठेवायचा आग्रह झाला होता त्या. दोन्हीकडं विमानं वेगळी, पगार वेगळे, बढतीचे नियम वेगळे, संगणक वेगळे, आणि पायलट एकमेकांकडं बघायला तयार नाहीत. त्याच वेळी आखाती कंपन्यांना आपल्या शहरांतून भरपूर उड्डाणं मिळाली, आपला दुबईमार्गे जाणारा माणूस तिकडं वळला. विलीनीकरणानंतर एक पण वर्ष नफ्याचं गेलं नाही. २०१२ ला ३० हजार कोटींचं पॅकेज दिलं, २०१८ ला ७६ टक्के विकायला काढली तर एक पण बोली आली नाही. शेवटी शेवटी रोजचा तोटा २० कोटींच्या आसपास होता. या सगळ्या वर्षांत चेअरमन किती बदलले बघा, माणूस कंपनी समजून घेईपर्यंत बदली. लक्ष ठेवणार कोण?

८ ऑक्टोबर २०२१ ला टाटांची १८ हजार कोटींची बोली जाहीर झाली. लोक म्हणतात टाटांनी १८ हजार कोटी दिले, तर तसं नाही, त्यातले १५,३०० कोटी म्हणजे त्यांनी अंगावर घेतलेलं कर्ज, रोख २,७०० कोटी. एकूण कर्ज ६१ हजार कोटींच्या वर होतं, म्हणजे उरलेले ४६ हजार कोटी सरकारकडंच राहिले, तुमच्या-माझ्याकडंच. तरी मी विक्रीच्या विरोधात नाही. रोज २० कोटी जळत होते ते थांबवायलाच पाहिजे होते. २७ जानेवारी २०२२ ला ताबा गेला, तेव्हा मामांनी मला फोन करून विचारलं होतं, "आता परत कुठं लढाई झाली तर पोरांना आणायला कोण जाणार रं?" मला उत्तर देता आलं नाही. महिन्याभरात युक्रेनचं युद्ध सुरू झालं, आणि त्या वेळी एअर इंडियाची विमानं पण गेली, बाकीच्या खाजगी कंपन्यांची गेली, हवाई दलाची गेली. म्हणजे सरकारनं ठरवलं तर होतं. मामांना तेव्हा जरा बरं वाटलं.

टाटांनी २०२३ ला ४७० विमानांची ऑर्डर दिली, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांचीच दुसरी विमान कंपनी विस्तारा एअर इंडियात मिसळली. आणि मग १२ जून २०२५. अहमदाबादहून लंडनला निघालेलं ड्रीमलायनर अर्ध्या मिनिटात मेडिकल कॉलेजच्या हॉस्टेलवर पडलं. विमानातल्या २४२ पैकी एकच वाचला, खाली जेवायला बसलेली डॉक्टर होणारी पोरं गेली. कारणांवरून टीव्हीवर लगेच निकाल लावायला लागले, गेलेल्या पायलटवर बोट दाखवायला लागले, ते मला अजिबात आवडलं नाही. तपास पूर्ण व्हायच्या आधी कुणी कुणाचं नाव घेऊ नये.

पण त्या अपघातानंतर एक बोलणं बंद व्हायला पाहिजे होतं, की टाटा म्हणजे आता काळजी नको. टाटा हे नाव विमान तपासत नाही. हँगरमधला मेकॅनिक तपासतो, त्याला वेळ दिला जातो का, सुटा भाग वेळेवर मिळतो का, त्यानं "हे विमान आज सोडू नका" म्हटलं तर वरचे ऐकतात का, हे बघायला पाहिजे, आणि ते बघणारं सरकारी खातं पण माणसांनी भरलेलं पाहिजे, नुसत्या रिकाम्या खुर्च्या नकोत.

आणि अजून एक, जे बऱ्याच जणांना माहीतच नाही. एअर इंडिया विकली तेव्हा तिची छोट्या शहरांना जाणारी उपकंपनी अलायन्स एअर विकली नव्हती, ती अजून सरकारचीच आहे. छोट्या शहरांना विमानानं जोडायच्या सरकारी उडान योजनेत कोल्हापूरला जी छोटी एटीआर विमानं यायला लागली त्यात तिचीच होती. आपल्या सांगलीला अजून विमानतळ नाही, कवलापूरला विमानतळ करा ही मागणी किती वर्षांची आहे ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळं आपल्याला कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळच गाठावा लागतो. तर ही शेवटची सरकारी विमान कंपनी कशी चाललीय, तिची किती विमानं नुसती उभी आहेत, तिला पूर्ण वेळ देणारा माणूस वर आहे का, हे आपल्या खासदारांना कुणीतरी विचारा. मी या महिन्यात पत्र लिहिणार आहे. ज्यांना सही करायची असेल त्यांनी सांगा, सांगली-मिरजेतले असाल तर मी कागद घेऊन येतो.