ब्लोवानच्या दीपगृहावरून

एस्बियरच्या मैत्रिणीने बजावलं होतं, "ब्लोवानला टोपी नको, कान बांधून जा." मी टोपीच घातली. बसमधून उतरले आणि पाच मिनिटांत ती वाळूच्या टेकड्यांवरून गडगडत गेली.

डेन्मार्कचं हे पश्चिम टोक. किनाऱ्यावर महायुद्धातले जर्मन बंकर अजून पडून आहेत. काहींना १९९५ साली एका शिल्पकाराने लोखंडी डोकी आणि शेपट्या लावून खेचरं करून टाकलंय. खेचराला पिल्लं होत नाहीत, बंकरांनाही होऊ नयेत!

३९ मीटर उंच दीपगृहावर धापा टाकत पोहोचले. क्षितिजावर दाढीचे खुंट वाढावेत तशा बारीक काड्या दिसत होत्या. हॉर्न्स रेव्ह. २००२ साली उभ्या राहिलेल्या ८० पवनचक्क्या, जवळातली जवळ १४ किलोमीटरवर. प्रत्येकीसाठी पोलादी नळखांब हातोड्याने समुद्रतळात ठोकला होता. पाण्यात आवाज हवेपेक्षा कितीतरी लांब जातो, आणि इथे पोरपॉइज राहतात. डॉल्फिनचे हे बुटके, लाजाळू भाऊबंद टिकटिक आवाज काढतात आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकून कानांनीच वाट काढतात, कानांनीच मासे शोधतात. म्हणून ठोकाठोकीआधी त्यांना हुसकावणारे आवाज सोडले जात. पाण्याखाली ठेवलेल्या यंत्रांनी त्यांची टिकटिक मोजली. हातोडा चालू झाला की ती कमी व्हायची, थांबल्यावर काही तासांत पुन्हा ऐकू यायची.

मला वाटलं, संपला प्रश्न. पण बाल्टिक समुद्राच्या बाजूला, निस्टेडच्या पवनचक्क्यांना, पाया म्हणून काँक्रीटचे जड ठोकळे नुसते तळावर ठेवले होते. ठोकाठोकी जवळजवळ नाहीच. तरी तिथले पोरपॉइज वर्षानुवर्षं पूर्वीच्या संख्येने परतले नाहीत. आवाज कमी तर त्रास कमी, हे माझं सरळ गणित तिथे फसलं.

पक्ष्यांचंही तसंच. स्कोटर नावाची काळी समुद्री बदकं सुरुवातीची काही वर्षं हॉर्न्स रेव्हच्या खांबांमध्ये फिरकलीच नाहीत. तेव्हाच अहवाल मिटला असता, तर 'बदकांची जागा गेली' असाच निकाल लागला असता. २००७ च्या सुमाराला मात्र ती खांबांमध्ये मोठ्या संख्येने दिसली. वाळूतल्या लांबट शिंपल्यांसाठी आली असावीत. खांबांभोवती टाकलेल्या दगडांवर तोवर कालवांच्या जातभाईंचं आणि खेकड्यांचं गोकुळ भरलं होतं. तळाला नुसती वाळू होती, तिथे आयती खडकाळ वस्ती मिळाली.

लाल गळ्याचा डायव्हर नावाचा पाणपक्षी मात्र पवनचक्क्यांपासून अंग चोरूनच राहतो.

खाली वाळूवर एक आजोबा दुर्बीण रोवून बसले होते. त्यांनी न बोलता बाजूला सरून मला जागा दिली. किनाऱ्यालगत लाटांवर काळ्या ठिपक्यांची माळ हलत होती. स्कोटर. मग त्यांनी दुर्बीण थोडी वळवली: एकटाच, मान लांब केलेला डायव्हर उत्तरेकडे चालला होता, आमच्या अगदी जवळून.