माद्रिदमधला स्वस्तातला दिवस आणि बॅगा ठेवायची भानगड

माद्रिद कमी पैशात अगदी आरामात बघता येतं. माझा सगळा राग आहे तो सोल, म्हणजे पुएर्ता देल सोल या मधल्या चौकाजवळच्या गल्लीतल्या एका काचेच्या दारावर. दुकानाचं नाव लिहीत नाही, तसली दुकानं तिथे पायलीला पन्नास आहेत.

मे महिना, गुरुवार, रात्री उशिराचं विमान. हॉस्टेल अकराला सोडायचं, बॅगा कुठेतरी टाकायच्या आणि दिवसभर पायी भटकायचं, एवढाच बेत. भारतातून गेलेले आम्ही तिघं होतो. स्टुटगार्टला नोकरी करणारी मैत्रीण दुपारी येऊन मिळणार होती. हॉस्टेलमध्ये बॅगा ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्यांनीच लॉकरच्या दुकानाचा पत्ता दिला.

दुकान म्हणजे बंद दार, आत भिंतभर लॉकर आणि दारावर क्यूआर कोडचा स्टिकर. स्कॅन करा, लॉकर निवडा, कार्डाने पैसे भरा, मग दार उघडायचा कोड येणार. सगळं भरून झालं आणि समोर आलं आमच्या बँकेचं पान : नोंदणीकृत मोबाइलवर पाठवलेला ओटीपी टाका. त्या नंबरचं सिम माझ्या पासपोर्टच्या कव्हरात सेलोटेपने चिकटवलेलं होतं, कारण फोनमध्ये स्पेनचं सिम होतं.

फोनमधला सिमचा ट्रे उघडायची पिन कोणाकडेच नव्हती. आमच्या तिघांतल्या मैत्रिणीने कानातलं काढलं आणि त्याची दांडी भोकात घालून दाबत बसली. फूटपाथवर सुटकेस आडवी, तिच्यावर दोन सिमकार्डं, आणि येणारे-जाणारे आम्हाला वळसा घालून चाललेले. ट्रे एकदाचा उघडला, आपलं सिम घातलं, तर फोन नेटवर्क शोधतोय तो शोधतोयच. स्पेनचं सिम बाहेर आल्यामुळे इंटरनेट गेलं, ते तिच्या हॉटस्पॉटवरून घेतलं. मग सुरू झाला खरा खेळ. बँकेचं पान काही मिनिटांत बंद पडायचं आणि ओटीपी त्यानंतर यायचा. पुन्हा प्रयत्न केला की आधीचा ओटीपी हजर, आणि तो अर्थातच चालायचा नाही. बँकेचा शेवटचा संदेश मात्र तत्परतेने आला : आपल्या सुरक्षिततेसाठी या कार्डावरचे ऑनलाइन व्यवहार बंद करण्यात आले आहेत.

मित्राकडे फॉरेक्स कार्ड होतं. ते त्याच्या बाबांनी काढून दिलेलं, त्यामुळे ओटीपी जाणार नाशिकला. आमचे साडेअकरा म्हणजे तिकडे दुपारचे तीन. बाबांची वामकुक्षी मोडली.

"बाबा, आत्ता एक मेसेज आला असेल, तो वाचा."

"आलाय. पण हा नंबर कोणालाही सांगू नका असं लिहिलंय यात."

"अहो बाबा, मीच आहे!"

"तूच आहेस रे. पण लिहिलंय ना!"

चष्मा सापडून आकडे वाचून होईपर्यंत वेळ संपलेली. आम्ही हसायचं की रडायचं ते ठरवत होतो. खिशात युरोच्या नोटा होत्या, पण घेणार कोण? दारावर मदतीचा नंबर होता, त्यावर स्पॅनिशमध्ये रेकॉर्डिंग, मग संगीत, मग पुन्हा तेच रेकॉर्डिंग. काउंटर गेले, आता तर भांडायलाही माणूस ठेवलेला नाही!

सुटका केली शेजारच्या फ्रिज-मॅग्नेटवाल्याने. मूळचा बांगलादेशचा, बराच वेळ आमची गंमत बघत असावा. बाहेर येऊन म्हणाला, "अतोचा स्टेशन जाइये, वहाँ आदमी बैठता है."

तर पहिला सल्ला हाच : माद्रिदमध्ये बॅगा ठेवायच्या असतील तर थेट अतोचा रेल्वे स्थानकात जा. तिथल्या सामानघराला कोन्सिग्ना म्हणतात. बॅग एक्स-रेमधून जाते, लॉकर मिळतो. सोलहून मेट्रोच्या १ नंबर लाइनने पाच-सात मिनिटं. बॅगा आत गेल्या आणि माझे खांदे एकदम हलके झाले. तेव्हा कुठे लक्षात आलं, की आपण एका जुन्या स्टेशनच्या भव्य लोखंडी छपराखाली, ताडामाडांच्या बागेत उभे आहोत. बाहेरगावी जाताना बँकेचा ओटीपी ईमेलवरही येतो का ते घरीच विचारून ठेवा, आणि सिमची पिन पाकिटात टाका. फुकट असते.

स्टुटगार्टवाली आली ती थेट जेवायलाच. स्पेनमध्ये दुपारचं जेवण दोनच्या पुढे. आठवड्यातल्या दिवशी बऱ्याच हॉटेलांत 'मेनू देल दिया' असतो : दोन पदार्थ, पाव, पेय आणि गोड, साधारण १२ ते १५ युरोत. आपली थाळीच समजा. बाटलीबंद पाणी मागवू नका. २०२२ च्या कायद्यानुसार हॉटेलांना नळाचं पाणी फुकट द्यावं लागतं. आमच्यातली एक पक्की शाकाहारी, तिने नुसतं 'मांस नको' सांगितलं तर सॅलडवर ट्यूना आला. हॅम आणि मासे नकोत हे वेगळं सांगायचं. अंडं चालत असेल तर तोर्तिया, म्हणजे बटाटा घातलेलं जाड ऑम्लेट, कुठेही मिळतं आणि पोट भरतं. प्लासा मायोर या जुन्या चौकाच्या आसपास पावात तळलेली कालामारी, म्हणजे माकूळ, घालून देतात, ती मित्राने खाल्ली आणि खूश झाला. सान मिगेलचा बाजार बघा जरूर, खायला मात्र बसू नका.

पुएर्ता देल सोलमधला अस्वलाचा पुतळा, स्पेनचे रस्ते जिथून मोजतात ती 'शून्य किलोमीटर'ची फरशी, प्लासा मायोर, राजवाड्याचं बाहेरून दर्शन, हे सगळं पायी आणि फुकट झालं. राजवाड्यात सोमवार ते गुरुवार शेवटचे दोन तास मोफत प्रवेश असतो, पण तो युरोपीय संघातल्या नागरिकांना व रहिवाशांना आणि लॅटिन अमेरिकेतल्यांना. म्हणजे आमच्यात जी युरोत पगार घेते तिला फुकट, आणि रुपये मोजून आलेल्यांना तिकीट! तिला आम्ही दिवसभर सोडलं नाही.

प्रादो संग्रहालय मात्र सगळ्यांना सारखं : सोमवार ते शनिवार संध्याकाळी सहा ते आठ फुकट, रविवारी पाच ते सात. एरवी तिकीट १५ युरो. रांग लांबलचक असते, पण भरभर सरकते. पाचच्या सुमारास जाऊन उभे राहा. दोन तासांत सगळं बघायच्या फंदात पडू नका. वेलास्केसचं १६५६ चं 'लास मेनिनास', गोयाची काळी चित्रं आणि बॉशचं ते विचित्र नंदनवन, एवढंच आम्ही केलं. काळ्या चित्रांत आपल्याच पोराला खाणारा रोमन देव सॅटर्न आहे, त्याचे ते विस्फारलेले डोळे बघून मित्र म्हणाला, "ओटीपी चुकल्यावर तुझं तोंड असंच झालं होतं." आत फोटो काढता येत नाहीत, त्यामुळे लोक खरंच चित्रं बघत असतात.

पिकासोचं 'गेर्निका' बघायचं असेल तर रेइना सोफिया संग्रहालय संध्याकाळी सात ते नऊ फुकट असतं, मंगळवारी बंद, रविवारी वेळ वेगळी. एकाच संध्याकाळी दोन्ही करायला गेलात तर दोन्हींची वाट लागेल. देबोदचं मंदिर, म्हणजे इजिप्तने १९६८ मध्ये स्पेनला भेट दिलेलं खरंखुरं प्राचीन देऊळ, सूर्यास्ताला बघतात. आम्ही प्रादो निवडलं, कारण ते अतोचापासून चालत गाठता येतं आणि सामानघर रात्री बंद होतं. बंद व्हायची वेळ सकाळीच बघून ठेवा.

मेट्रोचं लाल कार्ड अडीच युरोला एकच घ्या. दहा फेऱ्या भरल्या की चौघांत चालतं, एकाने टेकवून मागच्याकडे द्यायचं. विमानतळाच्या मेट्रो स्टेशनवर मात्र तीन युरो जास्तीचे पडतात. आम्ही अतोचाहून पिवळी २०३ नंबरची बस पकडली, पाच युरो, सामान ठेवायला जागा, सरळ टर्मिनलपर्यंत. आणखी वाचवायचे असतील तर आवेनिदा दे अमेरिकाहून २०० नंबरची साधी बस जाते, तिला नेहमीचंच दीड युरोचं तिकीट. आमच्या २०३ च्या ड्रायव्हरला रोख पैसे दिले, त्याने सुटे परत दिले. ओटीपी मागितला नाही.