हक्कसोडपत्र आणि एक खरे उत्तर

परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात मी एकोणीस वर्षे वकिली करते आहे. माझ्या कपाटातील निम्म्याहून अधिक फायली वाटणीच्या दाव्यांच्या आहेत आणि त्यांतले बहुतेक दावे बहिणीने भावावर किंवा आत्याने भाच्यांवर लावलेले आहेत. गेल्या पावसाळ्यात अशाच एका दाव्यात माझ्या पक्षकार बाईंची उलटतपासणी झाली. तिला आता कित्येक महिने लोटले, तरी त्या दिवसाचा विचार माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

मी त्यांना मावशी म्हणते. वय अडुसष्ट, लिहिता-वाचता येत नाही, लग्न १९७१ सालचे. वडील २००३ साली वारले आणि मागे एक भाऊ व एक बहीण राहिली. राज्याने २२ जून १९९४ पासून मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मसिद्ध हिस्सा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली. तरीही त्या तारखेला वडील हयात हवेत की नकोत हा वाद सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी वडील हयात असण्याची गरज नाही असा निकाल देईपर्यंत चालूच होता. मावशींना यातले काहीही ठाऊक नव्हते. २००८ साली त्यांनी भावाच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिले होते. भाऊ होता तोवर दर दिवाळीला साडी येत होती. तो गेल्यावर दहाव्याच्या दिवशी थोरल्या भाच्याने चारचौघांत “आत्याचा आता इथं काय संबंध?” असे विचारले, आणि दोन महिन्यांनी, २०२१ साली, मावशी माझ्याकडे आल्या.

दावा कसा लिहिला, हे येथे सांगणे भाग आहे. दस्त रद्द करून मागायचा तर तीन वर्षांची मुदत असते आणि हा दस्त तेरा वर्षांचा होता. कपट झाले असेल तर मात्र ते उघडकीस आल्यापासून मुदत मोजली जाते. त्यामुळे आमच्याकडील जवळजवळ प्रत्येक अशा दाव्यात एकच मजकूर असतो: पीककर्जाचा कागद असल्याचे भासवून, वादीच्या अज्ञानाचा गैरफायदा घेऊन, तिचा अंगठा घेण्यात आला. पहिल्या भेटीत मावशींनी सांगितले होते की, सातबाऱ्यावर दोन नावे असल्याने बँक दोघांच्या सह्या मागत होती, म्हणून भावाने त्यांना गाडीवर बसवून तालुक्याला नेले आणि अंगठा घेतला. ‘बँक’ आणि ‘अंगठा’ हे दोन शब्द ऐकले आणि मी लिहून घेणे तिथेच थांबवले. त्यांना पुढे काही सांगायचे होते का, हे मी विचारले नाही. सरतपासणीचे, म्हणजे साक्षीदाराने आपल्या बाजूने द्यायच्या जबानीचे, शपथपत्रही दाव्यावरूनच उतरवले. ते मी त्यांना वाचून दाखवले, पण तारखेच्या दिवशी सकाळी दहा वाजता, बार रूमच्या गर्दीत आणि भरभर.

त्याच दाव्याच्या कागदपत्रांवर मात्र मी जिवापाड मेहनत घेतली होती. मराठवाड्यात जमीन वडिलोपार्जित आहे हे सिद्ध करायला नुसता सातबारा पुरत नाही. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि इथल्या जुन्या मालकीचा विचार १९५४-५५ च्या खासरा पत्रकापासून, म्हणजे शेतवार नोंदींच्या जुन्या सरकारी कागदापासून, सुरू होतो. तहसीलच्या अभिलेख कक्षात मी चार खेपा घातल्या. चौथ्या खेपेला मिळालेल्या पत्रकाच्या कडा हात लावताच भुगा होत होत्या आणि आजोबांचे नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिलेले होते. जुने सर्व्हे नंबर आणि एकत्रीकरणानंतरचे गट नंबर यांचा मेळ मी स्वतः घातला. वडिलांची दुसरी जमीन शेजारच्या गावच्या शिवारात, जायकवाडीच्या डाव्या कालव्याखाली आहे. त्या गावचा सज्जा, म्हणजे तलाठ्याचे कार्यक्षेत्र, वेगळा आणि तलाठीही वेगळा, तरी तिचाही सातबारा काढून मी दोन्ही गट दाव्यात घातले. वारसाच्या फेरफारात मुलाचे नाव मालकीच्या रकान्यात आणि मुलीचे ‘इतर हक्कात’ टाकायची जी रीत वर्षानुवर्षे चालत आली, तिने जेवढ्या बायकांचे नुकसान केले तेवढे एखाद्या वाईट कायद्यानेही केले नसेल, असे माझे ठाम मत आहे. या दाव्यातही दोन्ही गावी तेच झाले होते.

उलटतपासणी घेणारे वकील माझ्यापेक्षा ज्येष्ठ आहेत आणि साक्षीदारावर कधी आवाज चढवत नाहीत. त्यांनी सुरुवात साडीपासून केली. भाऊ दर दिवाळीला येत होता का, मुलीच्या लग्नात मामाचा आहेर आणला होता का, दुखण्याखुपण्यात धावून आला होता का, असे विचारत गेले, आणि मावशी प्रत्येक प्रश्नाला मान डोलावत होत्या. मग अगदी सहज त्यांनी विचारले, “रजिस्ट्रीच्या दिवशी तिथल्या साहेबांनी तुम्हाला विचारलं का, हे कशाचं आहे म्हणून?”

“इचारलं की.”

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“भावाला हक्क सोडून देत्येय म्हणून सांगितलं.”

मी उठून उभी राहिले, पण हरकत घेण्यासारखे त्यात काही नव्हते. “म्हणजे तो कर्जाचा कागद नव्हता, हे तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं?”

मावशींनी माझ्याकडे पाहिले नाही. त्या सरळ न्यायाधीशांकडे बघत म्हणाल्या, “ठाव व्हतं, साहेब. म्या कळून-सवरूनच दिलं. आईमागं तेवढंच माहेर व्हतं मला. जिमीन मागितली असती तर ते दार बंद झालं असतं.”

न्यायाधीशांनी टंकलेखकाला मजकूर सांगितला: “हे म्हणणे खरे आहे की, सदर दस्त हक्कसोडपत्र असल्याची मला दस्त करतेवेळी माहिती होती.” माहेराचे वाक्य त्यात नव्हते. ते नोंदवावे अशी मी विनंती केली आणि समोरच्या वकिलांनी, हे त्यांचे मोठेपण, विरोध केला नाही. तेव्हा एक ओळ वाढली: “साक्षीदार स्वतःहून सांगते की, माहेर तुटू नये म्हणून दिले.” कायद्याच्या दृष्टीने ती ओळ कपट सिद्ध करत नाही आणि मुदतही वाचवत नाही. वरच्या ओळीने माझ्या दाव्याचा पायाच काढून घेतला होता, आणि तो पाया मावशींनी घातलेला नव्हता, मी घातला होता. शपथेवर खोटे मी बोलायला लावले आणि त्या बोलल्या नाहीत.

जेवणाच्या सुट्टीत मी निशाणी बेचाळीस, म्हणजे ते हक्कसोडपत्र, पुन्हा वाचायला घेतले. खरे तर मी ते पहिल्यांदाच नीट वाचत होते, कारण सगळा दस्तच कपटाचा म्हटल्यावर त्यात काय लिहिले आहे हे तपासायची गरज मला वाटली नव्हती. परिशिष्टात एकच गट होता, दोन हेक्टर चाळीस आर, कोरडवाहू. कालव्याखालचा एक हेक्टर बारा आरचा गट त्यात नव्हताच. भावाने स्वतःच्या गावच्या तलाठ्याकडून सातबारा नेला असणार आणि दस्तलेखकाने समोर आलेला तेवढाच गट उतरवला असणार. शेवटच्या कलमात लिहिले होते: “यापुढे माझा अथवा माझ्या वारसांचा सदर मिळकतीत कसलाही हक्क राहिलेला नाही.” सदर मिळकतीत, म्हणजे परिशिष्टातील मिळकतीत. बागायत गटातील मावशींचा निम्मा हिस्सा त्यांनी कधी सोडलाच नव्हता, आणि तो मागायला कपटाची किंवा मुदतीची गरज नव्हती. समोरची बाजू ‘सदर’चा अर्थ सगळी वडिलोपार्जित जमीन असा लावू पाहील, हेही मला दिसत होते.

संध्याकाळी एसटी स्टँडवर मी मावशींना हे सगळे सांगितले. कपटाचा मुद्दा सोडला तर कोरडवाहू जमीन कायमची जाईल, तो सोडायचा की नाही हे तुम्हीच ठरवायचे आहे, असेही सांगितले. त्यांनी फार वेळ घेतला नाही. “जे दिलं ते दिलं, वकीलबाई. ते कामून परत मागू? जे दिलंच नाही तेवढं बघा.” पुढे थोड्या वेळाने म्हणाल्या, “त्या रानात आईसंगं म्या भुईमूग उपटलाय.”

महिलांना मिळकतीच्या वादात १९९४ पासून न्यायालयीन शुल्क माफ आहे, म्हणून बायका ऊठसूट फुकटात दावे लावतात, असे बार रूममध्ये नेहमी ऐकू येते. त्या दिवसापासून हे ऐकले की मी गप्प बसत नाही, मावशींच्या उलटतपासणीची नक्कल काढून समोर ठेवते.

पुढच्या तारखेला मी पुरसीस, म्हणजे न्यायालयाला पक्षकाराचे लेखी निवेदन, दिली: हक्कसोडपत्रातील गटापुरती मागणी वादी चालवू इच्छीत नाही, दुसऱ्या गटातील निम्म्या हिश्श्याची मागणी कायम आहे. अंगठा घेण्याआधी त्यांना बाहेरच्या लिंबाखाली बसवले आणि एकेक ओळ त्यांच्या बोलीत सांगून, त्यांनी ती मला उलट सांगेपर्यंत थांबले. पाच ओळींच्या पुरसीसला पाऊण तास लागला. युक्तिवाद झाला आहे, त्यातला बराचसा ‘सदर’ या एका शब्दावर झाला, आणि प्रकरण निकालावर आहे.